आत्मविश्वास कुठे संपतो आणि ताठा कुठे सुरू होतो?

अर्धविराम (धागाकर्ती)

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे स्ट्रक्चरल डिझाइनच्या क्षेत्रात असून इतरांनी केलेली गणिते तपासणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. गेल्या महिन्यातील वार्षिक मूल्यमापनात वरिष्ठांनी माझ्या कामाविषयी चांगले लिहिले आणि शेवटी एक वाक्य जोडले : आत्मविश्वास वाखाणण्याजोगा आहे, मात्र कधी कधी तो ताठ्याकडे झुकतो. ज्या बैठकीवरून हा शेरा आला असावा, त्या बैठकीत मी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना त्यांनी बीमवरचा भार कमी धरला असल्याचे सर्वांसमोर सांगितले होते, आणि तो खरोखरच कमी धरलेला निघाला.

शेरा योग्य की अयोग्य हे इथे कुणी ठरवावे अशी माझी अपेक्षा नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. स्वतःच्या कामाची खात्री असलेल्या माणसाला आतून जे वाटते, तेच गर्विष्ठ माणसालाही वाटत असणार, कारण आपण गर्विष्ठ आहोत असे मनाशी म्हणत कुणीच वावरत नाही. मग हा फरक ज्याचा त्याला ओळखता येतो का, आणि येत असेल तर कशावरून?

तळटीप

ज्याला हा प्रश्न पडतो त्याला ग ची बाधा झालेली नसते, असा माझा अनुभव आहे. निर्धास्त राहा.

कोराकागद

तळटीप यांचे म्हणणे दिलासा देणारे असले तरी मला ते पटत नाही. आपण किती प्रांजळपणे आत्मपरीक्षण करतो याचाही गर्व होऊ शकतो, आणि तो ओळखायला सर्वांत अवघड असतो, कारण त्याचा पोशाख नम्रतेचा असतो. "मी अगदी सामान्य माणूस आहे" हे वाक्य काही लोक अशा थाटात उच्चारतात की समोरच्याने ते लगेच खोडून काढणे त्यांना अपेक्षित असते. प्रश्न पडणे ही चांगली गोष्ट आहे. मात्र प्रश्न पडला म्हणजे निर्दोष सुटलो असे मानता येणार नाही.

तळटीप

कोराकागद, मी अगदी सामान्य माणूस आहे. (आता खोडून काढा.)

सावकाश

मानसशास्त्राचा अभ्यास आणि अध्यापन यांत माझी बरीच वर्षे गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपण "आत्मविश्वास" हा एकच शब्द निदान दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये जी संकल्पना मांडली, तिला मराठीत स्वसामर्थ्याची जाणीव म्हणता येईल. अमुक एक काम मला जमेल की नाही याविषयीचा हा अंदाज असतो आणि तो त्या कामापुरता असतो. एखाद्याला पोहण्याची पूर्ण खात्री असेल आणि चार माणसांसमोर बोलायचे म्हटले की घाम फुटत असेल, तर त्यात विसंगती काहीच नाही. बँडुरा यांनी या जाणिवेचे चार स्रोत सांगितले : स्वतः काम यशस्वी करून दाखवल्याचा अनुभव, आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणे, इतरांनी दिलेले प्रोत्साहन आणि त्या वेळची आपल्या शरीराची व मनाची अवस्था. यांत पहिला स्रोत सर्वांत बळकट मानला जातो. दुसरी गोष्ट म्हणजे माणूस म्हणून स्वतःची आपल्याला वाटणारी किंमत. तिचा एखाद्या विशिष्ट कामाशी संबंध असेलच असे नाही.

माझ्या मते घोटाळा होतो तो पहिल्या जाणिवेने आपली हद्द सोडली की. "ही गणिते मला नीट तपासता येतात" या विधानाला आधार असतो. त्या आधारावर "म्हणून इथे कुणाला काय कळते ते मी ठरवणार" असे आपण म्हणू लागलो, तर ती उडी असते, आणि उडी मारणाऱ्याला ती सहसा जाणवत नाही, कारण दोन्ही वाक्ये एकाच आवाजात मनात उमटतात.

आणखी एक निरीक्षण उपयोगी पडेल. जेसिका ट्रेसी आणि रिचर्ड रॉबिन्स या संशोधकांनी २००७ मध्ये अभिमानाचे दोन पैलू वेगळे करून दाखवले. एका पैलूत माणूस आपल्या यशाचे श्रेय स्वतः केलेल्या प्रयत्नांना देतो, तर दुसऱ्यात आपण मुळातच तसे आहोत या समजुतीला. त्यामुळे यश मिळाल्यावर आपण स्वतःला त्याचे कारण काय सांगतो, हे ऐकण्यासारखे असते.

पाऊलवाट

इतके लांबण लावण्याची गरज नाही. ज्यांना कमी कळते त्यांना आत्मविश्वास जास्त असतो, हे डनिंग आणि क्रुगर या मानसशास्त्रज्ञांनी केव्हाच सिद्ध केले आहे. उथळ पाण्याला खळखळाट फार, इतकाच त्याचा अर्थ.

सावकाश

पाऊलवाट, गंमत अशी की या प्रयोगाविषयी लोक ज्या खात्रीने बोलतात, ती खात्रीच या धाग्यावर उदाहरण म्हणून घेता येईल. क्रुगर आणि डनिंग यांचा निबंध १९९९ चा आहे. त्यात विद्यार्थ्यांना विनोदाची जाण, तर्क आणि व्याकरण यांच्या चाचण्या दिल्या होत्या. सर्वांत खालच्या चतुर्थांशातील विद्यार्थी सरासरीने १२ व्या शतमानावर होते, म्हणजे शंभरांतल्या जेमतेम बारा जणांच्या पुढे, आणि ते स्वतःला ६२ व्या शतमानाच्या आसपास समजत होते. इथवर तुमचे म्हणणे बरोबर आहे. परंतु अडाणी माणूस शिखरावर आणि जाणकार दरीत, असा जो आलेख सर्वत्र फिरतो, तो मूळ निबंधात नाही. खालच्या गटाने स्वतःला फाजील गुण दिले तरी वरच्या गटाने स्वतःला दिलेल्या गुणांपेक्षा ते कमीच होते. शिवाय या निष्कर्षाचा काही भाग निव्वळ संख्याशास्त्रीय कारणांनी दिसतो, असा आक्षेपही नंतर अनेकांनी घेतला आहे.

पाऊलवाट

मान्य. तो आलेख मी स्वतः दोन ठिकाणी पुढे पाठवला होता. आज गर्वाचे घर खाली झाले.

ओवाळणी

चर्चा प्रयोगांकडे गेली आहे, तर मी शब्दांकडे वळवते, कारण मला या प्रश्नाची खरी गुंतागुंत तिथे दिसते.

"ताठ मान" आपण कौतुकाने म्हणतो आणि "ताठा" नापसंतीने, हाडे मात्र तीच. "अभिमान" आज चांगल्या अर्थाने चालतो, तरी "दुरभिमान" हा शब्द वेगळा ठेवावा लागला, म्हणजे मूळ शब्दावर कुणाचा पूर्ण भरवसा नसावा. "गर्व" मराठीत दोषवाचकच होता. आता हिंदीच्या संगतीने तोही छाती पुढे काढून मिरवू लागला आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे हे शब्द कोण कुणासाठी वापरतो. आगाऊ, शेफारलेला, चढेल, उद्धट, डोक्यावर बसलेला, शिंगे फुटलेला ही सारी विशेषणे वरून खाली फेकली जातात. आपल्या वरिष्ठांना आगाऊ म्हटल्याचे कुणी ऐकले आहे का? तेच वागणे वरच्या माणसाचे असेल तर तो करारी, बाणेदार, स्पष्टवक्ता ठरतो. अर्धविराम यांनी चूक दाखवली ती ज्येष्ठांची. ज्येष्ठांनी अर्धविराम यांची चूक त्याच शब्दांत दाखवली असती, तर त्या ज्येष्ठांच्या मूल्यमापनात ताठ्याचा उल्लेख आला असता का, याची मला शंका आहे. बाईने ठामपणे बोलले की मोजमापाची पट्टी आणखी आखूड होते, हे तर वेगळे सांगायला नको.

कोराकागद

ओवाळणी, तुमचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यातून एक पळवाटही निघते. लोक अन्यायाने ताठा म्हणतात हे खरे असले, तरी ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्यात ताठा नसतोच, असे सिद्ध होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

ओवाळणी

असू शकतात. मात्र पहिल्याची झाडाझडती कुणी घेत नाही आणि दुसऱ्याची रोज होते, एवढेच माझे म्हणणे आहे.

धावपट्टी

मी विमानांच्या देखभालीत आयुष्य घालवले, आता निवृत्त आहे. आमच्या क्षेत्रात हा विषय स्वभावाचा न राहता सुरक्षिततेचा झाला, त्याची हकीकत सांगतो.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरील विमानतळावर दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. दाट धुके होते. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना एका विमानाच्या कप्तानाने वेग घ्यायला सुरुवात केली. दुसरे विमान अजून त्याच धावपट्टीवर होते. कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला रेडिओवरील संभाषणावरून शंका आली आणि ते विमान अजून बाजूला झालेले नाही का, असे त्याने विचारले. झाले आहे, असे कप्तानाने ठासून सांगितले. इंजिनिअरने पुन्हा विचारले नाही. हा कप्तान साधासुधा नव्हता. त्या प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षण देणारा, कंपनीतील अत्यंत मान्यवर वैमानिक होता.

केवळ त्याच्या स्वभावावर खापर फोडणे अन्यायाचे होईल. दोन संदेश एकाच क्षणी प्रक्षेपित झाल्याने रेडिओवर कर्कश आवाज आला आणि महत्त्वाचे शब्द नीट ऐकू आले नाहीत, परवानगीची भाषा संदिग्ध होती, कामाच्या तासांची मर्यादा संपत आल्याने घाई होती. तरीही त्या काळातल्या अशा काही अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने एक कार्यशाळा घेतली, आणि त्यातून कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे रीतसर प्रशिक्षण सुरू झाले. कनिष्ठाने शंका कशी मांडावी, आणि ती ऐकली गेली नाही तर पुन्हा कशी मांडावी, हे त्यात शिकवतात. वरिष्ठाने ती कशी ऐकावी, हेही शिकवतात.

माझ्यापुरते मी यातून असे घेतले की कप्तानाला आतून काय वाटत होते हा प्रश्न सोडून द्यावा. त्याला खात्रीच वाटत होती. खात्री नसती तर त्याने विमान दामटले नसते. बघायचे ते हे की त्याच्याशेजारी बसलेल्या माणसाला तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारता आला असता का. अर्धविराम, तुम्ही आतून ओळखण्याची खूण मागता आहात. माझ्या मते ती आत सापडणार नाही, ती तुमच्या आजूबाजूच्या माणसांपाशी असेल.

कोराकागद

हा प्रतिसाद वाचून मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेण्याच्या बेतात आहे. तळटीप, आपण दोघे आत्मपरीक्षणाविषयी भांडत होतो आणि इथे ते साधनच कुचकामी ठरते आहे.

मीनमेख

धावपट्टी यांचे लेखन उत्तम, तरीही हरकत घेतो. नावातच मीनमेख असल्यामुळे नाइलाज आहे.

तुमच्या उदाहरणात कप्तान चुकला होता, म्हणून त्याचा ठामपणा आपल्याला ताठा वाटतो. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांचे काय करायचे? १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात त्यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्या विभागातील बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होते, ते जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले. इतका पुरावा हातात असूनही वैद्यकविश्वातील बहुतेकांनी त्यांना मानले नाही. पुढे त्यांनी विरोधकांना जाहीर पत्रे लिहिली आणि त्यांत त्यांना खुनी म्हणण्यापर्यंत मजल मारली. त्यांच्याशी दुसऱ्यांदा वाद घालणे कुणालाही सोपे नव्हते. धावपट्टी यांच्या कसोटीवर ते गर्विष्ठ ठरतील, आणि तरी ते बरोबर होते. अशा माणसाने आवाज खाली आणायचा की बाळंतिणी मरू द्यायच्या?

सावकाश

उदाहरण चांगले आहे, आणि त्याला आणखी एक बाजू आहे. सेमेलवाइस यांनी आपल्या शोधाचे सविस्तर पुस्तक प्रसिद्ध केले ते १८६१ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी. मधल्या काळात त्यांचे काम लोकांपर्यंत पोहोचले ते बरेचसे इतरांच्या लेखनातून आणि काही वेळा चुकीच्या रूपात. आकडे स्वच्छ असल्यावर वेगळे पटवून देण्याची गरज नाही, असे त्यांना वाटले असावे का, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण "मी बरोबर आहे, आता पुढचे तुम्ही बघा" ही वृत्ती बरोबर असलेल्या माणसाला जितकी सहज चिकटते, तितकी चुकलेल्याला चिकटत नाही. चुकलेला कधीतरी तोंडघशी पडतो आणि शिकतो. नेहमी बरोबर असणाऱ्याला शिकवेल असे काहीच घडत नाही.

मीनमेख

म्हणजे बरोबर असणे हा दोष ठरला. बायकोला कळवतो.

अडीचघर

मी पूर्वी गर्विष्ठ होतो, असे इथे कबूल करणारा कुणी दिसला नाही, म्हणून ती जागा भरतो.

तरुणपणी मी स्पर्धात्मक बुद्धिबळ खेळायचो. हा खेळ आत्मविश्वासाच्या दृष्टीने निर्दय आहे, कारण गुणांकन सर्वांसमोर लिहिलेले असते आणि प्रत्येक डावानंतर ते बदलते. तरीसुद्धा मी अनेक वर्षे स्वतःविषयीची समजूत शाबूत ठेवली. हरलो की माझ्याकडे कारण तयार असे : घड्याळ कमी पडले, आदल्या रात्री झोप झाली नव्हती, प्रतिस्पर्धी भ्याडपणे बचाव करत राहिला. पडलो तरी नाक वर म्हणतात, ते हेच. जिंकलो की मात्र कधी एकही कारण लागले नाही, कारण जिंकणे हा माझा स्वभावच होता. सावकाश यांनी यशाच्या कारणांविषयी लिहिले आहे ते वाचताना मला हसू आले.

डाव संपल्यावर दोघा खेळाडूंनी मिळून त्याचे विश्लेषण करायची पद्धत आहे. मी जिंकलेल्या डावांनंतर आनंदाने बसायचो आणि हरलेल्या डावांनंतर उठून जायचो. एकदा माझ्यापेक्षा बऱ्याच कमी गुणांकनाच्या एका मुलीने मला हरवले आणि मी उठायच्या आत तिने शांतपणे विचारले की एकविसाव्या खेळीला माझी काय योजना होती, कारण तिला ती समजलेली नव्हती आणि ती घाबरली होती. जिंकून वर ती मला माझी योजना विचारत होती. मी बसलो. योजना फसवी होती, हे तिने दोन मिनिटांत दाखवले आणि लगेच स्वतःचीही एक चूक दाखवली, जी माझ्या लक्षातच आली नव्हती. आपल्या चुकीविषयी ती हवामानाविषयी बोलावे तशी बोलत होती. मी इतकी वर्षे ज्याला स्वतःचा आत्मविश्वास म्हणत होतो, ते काय होते हे मला त्या टेबलावर कळले.

मी बदललो का? थोडासा. आता हरल्यावर मी बसतो; मात्र पहिली दोन मिनिटे अजूनही गप्प असतो.

ओवाळणी

अडीचघर, ही दोन मिनिटे प्रामाणिक आहेत. धाग्यातला सर्वांत आवडलेला प्रतिसाद.

अर्धविराम (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, त्याचे कारण सांगते.

आधी एक कबुली. त्या बैठकीत भार कमी धरला आहे एवढे सांगून मी थांबले नव्हते. "हे तर पहिल्या नजरेत दिसायला हवे होते" असेही मी म्हणाले होते. धागा सुरू करताना हे वाक्य मी मुद्दाम गाळले असे नाही. ते मला आठवलेच नाही. अडीचघर यांचा प्रतिसाद वाचताना आठवले. पहिले वाक्य बीमविषयी होते आणि दुसरे माणसाविषयी, हे आता दिसते. ओवाळणी, तुमचा मुद्दा मला तरीही पूर्ण पटतो, कारण माझे वरिष्ठ याहून बोचरे बोलतात आणि त्यांना सगळे स्पष्टवक्ते म्हणतात.

पण धावपट्टी यांची कसोटी मला स्वस्थ बसू देईना. मला शेवटचे कुणी चुकीचे म्हटले, हे मी आठवायचा प्रयत्न केला. गेल्या सहा महिन्यांत तसा एकही प्रसंग आठवला नाही. याचे दोनच अर्थ होतात, आणि मी सहा महिने चुकले नाही हा पहिला अर्थ मला स्वतःलाही खरा वाटेना. म्हणून मी रेखाचित्रांच्या दुरुस्त्यांची नोंदवही उघडली. माझ्या गणितांतल्या दोन गोष्टी एका कनिष्ठ सहकाऱ्याने बदललेल्या होत्या, आणि त्याने मला त्याविषयी काहीही सांगितले नव्हते.

मी त्याला विचारले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही रागावला नसता, हे मला माहीत होते. पण तुम्ही मला आधी चार प्रश्न विचारले असते, आणि चौथ्या प्रश्नापर्यंत मलाच वाटायला लागले असते की माझे चुकले." प्रश्न विचारणे ही माझी नम्रता आहे, असे मी आजवर समजत आले होते.

धावपट्टी

त्याने हे तुम्हाला तोंडावर सांगितले, याची नोंद घ्या. सगळे दरवाजे बंद झाले असते तर त्याने तेवढेही सांगितले नसते.

तळटीप

मी पहिल्याच प्रतिसादात निर्धास्त राहा म्हणालो होतो. ते परत घेतो.

मीनमेख

सगळे गहिवरले आहेत, तेव्हा मूळ तांत्रिक प्रश्न मीच विचारतो. त्या मुलाने केलेल्या दोन्ही दुरुस्त्या बरोबर होत्या का?

अर्धविराम (धागाकर्ती)

एक बरोबर होती. दुसरी चुकीची होती, आणि त्याने ती मला विचारली नाही म्हणून दोन महिने तशीच राहिली. काल आम्ही दोघांनी बसून ती सुधारली. मी त्याला दोन प्रश्न विचारले. तिसरा ओठांवर आला होता.